गेल्या खेपेनंतर काय बदललं?

६ नोव्हेंबर २००६

नवं खूळ आलं. आमचे प्राचार्य बोरसे सर जूनमध्ये रुजू झाले, तेव्हापासून दर महिन्याला एक येतं. या महिन्याचं माझ्या डोक्यावर. ग्रंथालयातले सगळे शोधप्रबंध स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवायचे म्हणे, जगाला दिसले पाहिजेत. मी म्हटलं, "सर, आधी आपल्याच पोरांना दिसू देत. त्या कपाटाची किल्ली कुणी मागितल्याचं मला आठवत नाही." ते हसले आणि पुढच्या फाइलवर सही करू लागले. म्हणजे ऐकलंच नाही.

मदतीला कॉम्प्युटर विभागाची रूपाली दिली आहे. लेक्चरर आहे, बोलते भरभर, पण मुलगी सरळ वाटली.

९ नोव्हेंबर

रूपालीने आज समजावून सांगितलं. मी वही-पेन घेऊन बसले होते, ती म्हणाली लिहू नका, आधी ऐका.

"मॅडम, आपण कुणाला काही पाठवायचंच नाही. आपला सर्व्हर नुसता दार उघडं ठेवून बसणार. बाहेरच्या मोठमोठ्या यंत्रणा आपणहून येतात, विचारतात आणि नोंदी घेऊन जातात."

"कोण येतं? माणूस?"

"प्रोग्राम. हार्वेस्टर म्हणतात. काढणीवाला म्हणा हवं तर. त्याचे प्रश्न सहाच प्रकारचे. तू कोण, माहिती कुठल्या नमुन्यात देतोस, तुझ्याकडे कप्पे कुठले, यादी दे, सगळ्या नोंदी दे, अमुक एकच नोंद दे. आणि एकदा येऊन गेला की पुढच्या वेळी एवढंच विचारतो, गेल्या खेपेनंतर नवं काय आणि बदललेलं काय?"

माझ्या सासरची माणसं इतक्या कमी प्रश्नांत कधी थांबली नाहीत.

प्रबंध तो नेत नाही, तो आपल्याकडेच राहतो. नेतो फक्त कार्ड. नाव, लेखक, विषय, वर्ष, ठिकाण असे पंधरा रकाने. सगळ्या जगाने पंधराच रकान्यांवर एकमत केलं आहे म्हणे. आमच्या स्टाफरूममध्ये चहात साखर किती यावर होत नाही.

१४ नोव्हेंबर

पहिला प्रबंध गायधनी सरांचा घेतला. घ्यावाच लागला, ते समोर उभेच राहिले.

चिंतामण गायधनी सर आमच्याकडे भूगोल शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण रोज अकराला कॉलेजच्या वाचनालयात हजर. घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं, हे भूगोलात शिरले. प्रबंध नाशिकच्या गोदावरीच्या पुरांवर. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, कुठल्या पायरीवर कुठल्या साली खूण केली, जुन्या उपाध्यांनी काय टिपून ठेवलं, सगळं गोळा करून मोजलेलं. मी चाळला. खोटं कशाला लिहू, चाळलाच फक्त.

स्कॅन होईपर्यंत सर खुर्ची ओढून बसले. पान उलटलं की मान पुढे. शेवटी मागच्या पुठ्ठ्याच्या आतली तारखेची चिठ्ठी डोळ्यांशी धरून बघत राहिले. तिच्यावर एकही शिक्का नाही.

"काय बघता, सर?"

"काही नाही. बांधणी धरून आहे ना, ते बघतो."

बांधणी अगदी नवी कोरी आहे. मी तसं सांगितलं, तर पुठ्ठा मिटून ठेवला. विचित्र आहेत.

रकाने भरायला तासभर लागला. मुखपृष्ठावर जे छापलंय तेच लिहायचं, आपली अक्कल घालायची नाही, हे मला ग्रंथपालनाच्या कोर्सात घोटून घोटून शिकवलं आहे. 'आषाढ, शके १९०६' असं होतं, तसं लिहिलं. वर्षाचा रकाना शब्द घेईना, लाल होतो. त्याला नुसता आकडा हवा. दिला.

१८ नोव्हेंबर

रविवार कारंजाशी भाजी घेताना अनसूयाबाई भेटल्या, गायधनी सरांच्या मिसेस. सरांचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. डॉक्टर म्हणतात आता लांबवू नका, नाहीतर कायमचं जाईल. आणि हे ऑपरेशनला तयारच होत नाहीत.

"मी म्हटलं, अहो वाचता येणार नाही मग. तर म्हणतात, आता काय वाचायचं राहिलंय?"

घाबरतात, दुसरं काय. पुरुषांचं असंच असतं. ह्यांना साधं इंजेक्शन घ्यायचं तरी आदल्या दिवसापासून अंबडच्या कारखान्यातून सुट्टी काढावी लागते.

२९ नोव्हेंबर

आला! आज सकाळी रूपाली धावतच ग्रंथालयात आली आणि मला ओढत लॅबमध्ये घेऊन गेली. सर्व्हरवर कोण आलं-गेलं त्याच्या ओळी असतात, त्या दाखवल्या. पहाटे कुणी तरी आलं होतं. 'तू कोण?' विचारलं. आमच्या सर्व्हरने सांगितलं, नाशिकचं अमुक महाविद्यालय. 'सगळ्या नोंदी दे.' दिल्या. गेला.

कोण होता विचारलं, तर हॉलंडची एक यंत्रणा. जगभरचे प्रबंध गोळा करते.

मी त्या ओळींकडे बघतच राहिले. रात्री ग्रंथालयाला कुलूप मी स्वतः घातलं होतं, दोनदा ओढून बघितलं होतं. कुलूप जागेवर, कपाट जागेवर, प्रबंध जागेवर, आणि कार्डं हॉलंडला. अंगावर काटा आला, खरंच.

८ डिसेंबर

कॉलेजातून येताना द्वारका चौकात रिक्षा सोडली आणि एका सायबर कॅफेत शिरले. आपल्याच कॉम्प्युटरवर आपलं दिसलं तर काय नवल, परक्या ठिकाणाहून बघायचं होतं. सगळी मुलंच होती. मालकाने "काकू, रिझल्ट बघायचाय का?" विचारलं.

हॉलंडच्या साइटवर मराठीत 'गोदावरी' टाइप केलं. एवढ्यालाच पाच मिनिटं गेली. बटण दाबलं आणि पडद्यावर 'नाशिकमधील गोदावरीचे पूर'. खाली गायधनी सरांचं नाव. तेच शब्द, मी घातलेले, माझा स्वल्पविरामसुद्धा तिथेच. बाहेर ट्रकांचे हॉर्न चाललेत, आणि मी तोंडावर हात ठेवून बसलेली. देवळात गेल्यावर सुद्धा हल्ली मला असं होत नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग पगार वाढणार का?" यांना सांगून उपयोग नाही.

१९ डिसेंबर

ईमेल आली! हॉलंडच्याच नदी-अभ्यासाच्या एका बाईची. रूपालीने वाचून दाखवली. जगातल्या जुन्या पूर-नोंदींवर त्या काम करतात, हा प्रबंध फार महत्त्वाचा वाटतो, भारतीय भाषेत इतकं जुनं काम त्यांनी पाहिलेलं नाही, पुढच्या महिन्यात एका परिषदेत उल्लेख करायचाय. मराठी येत नाही, पण तक्ते बघितले म्हणे.

मी तडक वाचनालयात गेले. गायधनी सर पेपर नाकाला लावून बसले होते. सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

"हॉलंडची? वाचला तिने?"

"तक्ते बघितले म्हणतात."

"तक्ते बघितले," सर म्हणाले. मग घसा खाकरून, "ते बरोबर आहे. तक्त्यांपासूनच सुरुवात करायला हवी." आणि उठून गेले. पेपर तिथेच, छत्री तिथेच. छत्री मी नेऊन दिली, तर अनसूयाबाई म्हणाल्या, काय झालंय हो यांना, आल्यापासून घरभर फिरतायत.

२१ डिसेंबर

मेले मी.

बोरसे सरांनी बोलावलं. चेहरा नुसता फुललेला. "मॅडम, कमाल झाली! शताब्दी! आपल्याकडे एकोणीसशे सहाचा प्रबंध आहे आणि कुणी बोललं नाही मला? पेपरवाल्यांना बोलावू. लेखकाचे कुणी वंशज नाशिकमध्ये असतील का?"

मी काचेतून बाहेर बघितलं. लेखक वाचनालयात कोट घालून बसले होते. परवापासून कोट घालतात.

"सर, आपलं कॉलेज एकसष्ट सालचं आहे," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच डोक्यात लख्ख पडलं. शके! शके १९०६ म्हणजे इसवी सन १९८४. लहान पोराला येणारं गणित. मी आकडा दिला आणि शके काढून टाकलं. त्या यंत्राला काय माहीत शालिवाहन कोण! त्याने निमूट उचललं आणि जगाला सांगितलं.

त्या बाईला जुनं काम म्हणून हवं होतं ते एवढ्यासाठी.

बोरसे सर म्हणाले, "राहू द्या की हो तसंच. लोक येतायत ना बघायला?" रूपाली तिथेच होती, ती ताडकन म्हणाली, "सर, आपल्याकडून बाकीचे घेतात, त्यांच्याकडून आणखी कुणी घेतं. आजच दुरुस्त करायला हवं." बरोबर आहे तिचं. पण मला गायधनी सरांचा तो कोट दिसत होता. मी म्हटलं, उद्या करू.

२३ डिसेंबर

काल केलं नाही. आजही सकाळ घालवली. शेवटी दुपारी सरांच्या समोर जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

सर आधी हसले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारा केलात की मला! अहो, सहा साली माझ्या वडिलांची मुंजसुद्धा झालेली नव्हती." मग हसू उतरलं. "म्हणजे ती बाई आता पुढे वाचायची नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुरुस्त करा, प्रतिभाबाई. पुरांची तारीख चुकलेली चालत नाही. चला, मी बसतो शेजारी."

रूपालीने नोंद उघडली. वर्ष बदललं, शके वर्णनाच्या रकान्यात लिहिलं. तरी सर उठेनात. डोळे बारीक करून पडद्याजवळ गेले. "ठिकाणाच्या रकान्यात नुसतं नाशिक का?"

"प्रबंध नाशिकवर आहे ना, सर."

"नदी नाशिकला थांबते का? परिशिष्टात खालच्या गावांचं आहे सगळं. पैठण घाला, नांदेड घाला."

सरांसाठी एवढं तरी करायला काय हरकत होती. घातली.

२८ डिसेंबर

या लोडशेडिंगचं वाटोळं होवो. काढणीवाला दोनदा आला आणि दोन्ही वेळा आमची लाइट गेलेली. सर्व्हरचा इनव्हर्टर कधीचा संपलेला. दार बंद बघून तो परत गेला. जगात प्रबंध अजून एकोणीसशे सहाचाच. मी वीज कंपनीच्या ऑफिसात फोन करून म्हटलं, आमच्याकडे हॉलंडहून पाहुणा येतो, निदान तेवढा वेळ तरी लाइट ठेवा. त्यांनी पाहुण्याचं नाव विचारलं. फोन ठेवून दिला.

३ जानेवारी २००७

गेली दुरुस्ती! आज तो आला, त्याने विचारलं, गेल्या खेपेनंतर काय बदललं? सर्व्हरने ती एकच नोंद पुढे केली. तासाभराने हॉलंडच्या साइटवर १९८४. संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडून घेणाऱ्या आणखी दोन ठिकाणी १९८४. कुणाला फोन नाही, पत्र नाही, क्षमस्व नाही. मी नाशिकला एक आकडा बदलला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत जगभर बदलत गेला. इतकी वर्षं मी कार्डावर खाडाखोड करते, कपाटातलं एक कार्ड बदललं की काम संपलं. आज हात धुताना माझीच बोटं मला परकी वाटली.

एका कुठल्याशा यादीत मात्र अजून १९०६ आहे. रूपाली म्हणते, ते लोक परत विचारायला येतच नाहीत. अशी माणसंही असतात.

१५ जानेवारी

हॉलंडच्या बाईंचं उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार, परिषदेतून उल्लेख काढला आहे, शुभेच्छा. बस. सरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली.

२ फेब्रुवारी

गायधनी सरांचं येणं बंद झालं. चार दिवस वाट बघून घरी गेले. खिडकीशी बसले होते, पेपर नाही, काही नाही. मी विषय काढून बघितला, "सर, नवे पंचवीस प्रबंध चढवले." म्हणाले, "छान."

अनसूयाबाईंनी आत बोलावून चहा दिला आणि पदर डोळ्यांना लावला. सरांना एका डोळ्याने आता अंधुकच दिसतं. डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं, या महिन्यात नाही तर नाही. तरी नकोच. "मी हातापाया पडले, प्रतिभाबाई."

मी बाहेर येऊन सरांना चांगलं झापलं. "एवढ्याशा ऑपरेशनला घाबरता? लहान मुलं करून घेतात हल्ली." ते म्हणाले, "घाबरत नाही हो मी." आता याला काय म्हणायचं? रडू आलं मला रिक्षात. माझ्याच हातून झालं हे सगळं, पण डोळ्यांचा आणि त्याचा काय संबंध, ते मला कळेना.

२१ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी ग्रंथालयात फोन. पलीकडून खडा आवाज. "रंगनाथ कौठेकर बोलतो, नांदेडहून. पाटबंधारे खात्यातून रिटायर. तुमच्या त्या गायधनींना द्या फोन."

"ते आता इथे नसतात. काय काम होतं?"

"त्यांच्या प्रबंधात घोळ आहे. परिशिष्ट तीन."

मनात म्हटलं, आता हे आणखी कशाला! विचारलं, प्रबंध तुम्हाला मिळाला कुठे? तर मुलीने घरी इंटरनेट घेतलंय, तिच्याकडून नांदेड आणि गोदावरी असं टाकून शोधलं, तर हॉलंडच्या कुठल्या यादीत सापडला. तिथून आमच्या सर्व्हरवर आले आणि सगळा छापून घेतला. नाशिक ते नांदेड एका नदीवरची गावं, आणि प्रबंधाला इथून तिथे जायला सातासमुद्रापलीकडून जावं लागलं.

सरांचा नंबर द्यावा की न द्यावा? आधीच मोडलेला माणूस, त्यात चूक काढणारा कुणी. पण कौठेकर काही ऐकेनात. शेवटी म्हटलं, तासाभराने त्यांच्या घरी करा, मी तिथे असते. धावत गेले. सरांना सांगितलं, एक गृहस्थ फोन करणार आहेत, जरा तिरसट आहेत, मनावर घेऊ नका.

फोन वाजला. सरांनी घेतला. कौठेकरांचा आवाज इतका मोठा की मला आणि अनसूयाबाईंना स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होता.

"तुम्ही लिहिलंय त्या साली नाशिकला पूर निज श्रावणात आला. बरोबर? मग आमच्याकडे पाणी अधिक श्रावणात कसं? नाशिकच्या महिनाभर आधी नांदेडला पूर? तुमची नदी उलटी वाहते का हो?"

"अधिकात कशावरून म्हणता?" सर ताठ झाले. वर्गात व्हायचे तसे.

"कशावरून म्हणजे? आमचे मेहुणे अधिकाचं वाण घ्यायला आले होते. तेहतीस अनारसे! आईने ताट दिलं, आणि रात्रीत पाणी चढलं. आठ दिवस घरात अडकले जावई. मी आठवीत होतो. शेवटी शेवटी घरात अनारसेच उरले होते खायला. निज श्रावणात कोण वाण देतं?"

सर हळूच म्हणाले, "थांबा, थांबा. उपाध्यांच्या टिपणात नुसतं श्रावण होतं. मी निज धरलं." थोड्या वेळाने, "माझं चुकलं. महिनाभराने चुकलं. तुमचं बरोबर आहे."

मी डोळे मिटून घेतले. मला बघवेना.

मग सरांनी विचारलं, "तुम्ही परिशिष्ट तीनपर्यंत वाचत आलात?"

"पर्यंत म्हणजे? चारही वाचलं. पायऱ्यांचा तक्ता दोनदा वाचला. चौथ्यातही मला एक शंका आहे, पण ती उद्या. फोनचं बिल मुलगी भरते."

फोन ठेवला तरी सरांचा हात रिसीव्हरवरच होता. खांदे हलत होते. मी घाबरून पुढे गेले, म्हटलं, सर, जाऊ द्या, असतात असे लोक. त्यांनी वर बघितलं, तर हसत होते, आणि गालांवर पाणी.

"परिशिष्ट तीन, प्रतिभाबाई! माझ्या परीक्षकांनीसुद्धा उघडलं नव्हतं हो ते. हा माणूस भांडायला आला माझ्याशी, वाचून!"

मग लगेच कामाला लागले. दुरुस्ती नोंदीत घालता येईल का? रूपालीला फोन केला, ती म्हणाली प्रबंधाला हात लावता येणार नाही, पण वर्णनाच्या रकान्यात लिहिता येईल. सरांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. 'परिशिष्ट तीनमधील पूर अधिक श्रावणातला; चूक रंगनाथ कौठेकर, नांदेड यांनी दाखवली.' त्यांचं नाव पूर्ण हवं, असं दोनदा बजावलं.

मी निघाले. चपला घालत होते, तर आतून सरांचा आवाज, अनसूयाबाईंना विचारत होते, "अगं, त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर कुठे ठेवलायस? किती दिवसांत वाचता येतं, विचार त्यांना. मला परिशिष्ट चार स्वतः तपासायचंय."

अनसूयाबाई नंबर शोधत नव्हत्या. त्यांना तो पाठ होता, त्या उभ्या उभ्याच फिरवत होत्या.